पुढं नुसता गुणाकार

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट आधी लहानात करून बघितल्याशिवाय मोठ्यात केलेली नाही. जन्म तेवढा त्यांना थेट घ्यावा लागला, पण तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अक्कलकोटकडचे, नोकरी सगळी सोलापुरात, जमीनमोजणीच्या खात्यात नकाशे काढण्यात गेली. अख्खा सांगोला तालुका ज्याच्या टेबलावर तळहाताखाली मावत होता, त्या माणसाला जगातल्या मोठ्या गोष्टींचं काही वाटेनासं झालं तर नवल नाही. नकाशावर बोटभर अंतर मोजायचं, गुणायचं, की जमिनीवरचं अंतर हजर. हेच शास्त्र ते घरी घेऊन आले. "पावणं, आदी ल्हानात करून बगायचं. ल्हानात जमलं की पुढं नुस्ता गुणाकार," हे वाक्य माझ्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. चादर घ्यायची तर आधी त्याच विणीचा टॉवेल आणून महिनाभर धुऊन बघणार. गाणगापूरला जायचं तर आदल्या आठवड्यात तीच पिशवी, तोच डबा घेऊन अक्कलकोटला जाऊन येणार. मेहुणीसाठी माझं स्थळ आलं तेव्हाही त्यांनी मला अर्धा दिवस भाजीबाजारात हिंडवलं होतं. मी कंटाळलो नाही, जड पिशवी मीच धरली, एवढ्यावर त्यांनी जन्माचा गुणाकार केला. तो बरोबर आला असं बायको म्हणत नाही, पण चुकला असंही म्हणत नाही.

घर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी आधी पुठ्ठ्याचं बांधलं. खिडक्या, जिना, देवघर, सगळं मापात. ऐन वैशाखात ते घर भाड्याच्या खोल्यांपुढच्या अंगणात ठेवून आत तुपाची वाटी ठेवली. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना वाटी फिरवून दाखवली. तूप जसंच्या तसं. "बगा, सोलापूरच्या उनात तूप पातळ झालं न्हाय. माणसाचं काय घिऊन बसलाय!" पुढं विजापूर रोडच्या बाजूला मोकळ्या माळावर खरं घर उभं राहिलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात फडताळातलं तूप ओतण्याजोगं झालं. पुठ्ठ्याचं घर त्यांनी अंगणातल्या मोठ्या कडुलिंबाखाली ठेवलं होतं, आणि गुणाकार करताना तो कडुलिंब धरायचा राहून गेला होता. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, मोजकं बोलणारी बाई. भिंतीला हात लावून ती म्हणाली, "मला त्या पुठ्ठ्याच्या घरात ऱ्हायला पाठवा की." साडूंनी दुसऱ्या दिवशी दारात कडुलिंबाचं रोप लावलं आणि सावलीचा हिशेब सुरू केला.

त्याच घराच्या वास्तुशांतीला शेंगांची आमटी होती. अक्काच्या हातची चार माणसांची आमटी अप्रतिम होते, तेव्हा तिच्याकडून एकदा करवून घेऊन साडूंनी प्रत्येक जिन्नस मोजला आणि दोनशे पानांसाठी गुणला. आचारी म्हातारा होता. त्याने हात जोडून सांगितलं, "साहेब, पानी वाडतंय तसं तिकट वाडवायचं नसतंय." साडूंनी त्याला नकाशाचं उदाहरण दिलं. नकाशापुढे आचारी काय बोलणार! जेवायला बसलेली मंडळी पहिल्या भुरक्यालाच हुंदके देऊ लागली, आणि नुकते आत आलेले एक गृहस्थ घरात काही वाईट घडलंय असं समजून मागच्या मागे निघून गेले. गव्हाची गोड हुग्गी मात्र दुसऱ्या पंगतीतच संपली, कारण तोंड विझवायला दुसरं काही नव्हतं. साडूंचं मत असं पडलं की आमटी उरली, म्हणजे हिशेब कमी पडला नाही.

भजनातही तेच. घरी हळू आवाजात, खालच्या पट्टीत ते सुरेख गातात. मंडळात पेटीवाल्याने बरीच वरची, काळी चार पट्टी धरली, तर हे म्हणाले, "धर की, सगळं सूर सारकंच वर सरकत्यात." सूर सगळे सारखेच वर सरकले, गळा मात्र जागचा हलला नाही. दुसऱ्या कडव्याला जो आवाज निघाला त्याने बाहेरचं कुत्रं उठून बसलं.

त्यांची एकुलती एक मुलगी कस्तुरी पुण्याच्या एका कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, काम सोलापूरच्या घरी बसूनच, आणि नशिबाची थट्टा बघा, तिचं कामच या शास्त्राच्या मुळावर येणारं. एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर एकदम आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेएवढी गर्दी लोटली तर ती टिकेल का, हे ती खोटी गर्दी सोडून तपासते. एकदा जेवताना तिने बापाला समजावलं. "पप्पा, शंभर माणसांना चाललं ते लाखाला चालतंच असं नसतंय. मोठं झालं की भलत्याच ठिकाणी तुटतं. आधी तिथं काही आहे हेसुद्धा माहीत नसतं." साडू भाकरी मोडत म्हणाले, "तुमच्या पुण्याचा मालच हलका असंल." पण त्या दिवशी ते एक भाकरी कमी जेवले.

मग कस्तुरीला जर्मनीची नोकरी आली. ती बापाच्या जिवाची, आणि बाप तिच्या. तिने स्पष्ट सांगितलं, "पप्पा, तुम्हाला जड जाणार असेल तर मी आजच नाही म्हणून कळवते." साडूंनी अर्थातच आधी लहानात करून बघायचं ठरवलं. कस्तुरीने आठ दिवस जिल्ह्यातल्याच केम गावी आपल्या आत्याकडे राहायचं. केम म्हणजे जर्मनी. फोन जर्मनीच्या घड्याळाने, तोही थोडकाच. सोलापूर स्टेशनावर आम्ही सगळे निरोपाला गेलो, अक्काने दही-साखर दिली, आणि ती बिचारी परदेशी निघाल्यासारखी मोठी बॅग घेऊन पॅसेंजरमध्ये चढली. समोरच्या बाईने कुठं निघालात विचारलं, तेव्हा केम म्हणताना तिला हसू आवरेना. साडू मात्र गंभीर होते. आठ दिवसांनी ती परतली. साडू दारातच उभे होते. "जमलं!" ते म्हणाले. "जेवण गेलं, झोप लागली. आता पुढं नुस्ता गुणाकार. जा तू." कस्तुरी त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली, मग तिने त्यांना मिठी मारली. महिन्याभरात ती गेली.

पुढे एका लग्नासाठी मी केमला गेलो, तेव्हा साडूंच्या बहिणीकडे चहाला थांबलो. बोलता बोलता ती म्हणाली, "दादा तवा तिसऱ्याच दिशी आला हुता की. कस्तू मळ्याकडं गेल्ती. खाटंवर तिची वढणी हुती, तिच्याजवळ बसला, पानी प्याला आन् सांजच्या गाडीनं माघारी गेला. पोरीला सांगू नगंस म्हनला." ज्या माणसाने उभ्या जन्मात वीतभर अंतर खोटं लिहिलं नाही, त्याने ते आठ दिवस खोटे मोजले होते.

सोलापूरला आल्यावर मी सरळ त्यांच्याकडे गेलो. साडू दारातल्या कडुलिंबाला पाणी घालत होते. तो आता माणसाच्या उंचीचा झालाय, सावली मात्र अजून एका माणसापुरतीच पडते. मी म्हटलं, "केमला जाऊन आलो." ते समजले. "व्हय, गेलो हुतो," म्हणाले. "आठ दिस बी न्हाय जमलं मला."

"मग जमलं म्हणून का सांगितलंत?"

"न्हाय म्हनलो असतो तर ऱ्हायली असती की ती."

मला त्यांची इतकी माया आली की नेहमीची थट्टा सोडून मी खाली बसून झाडाचं आळं नीट करू लागलो. साडू म्हणाले, "ल्हानात नापास झालो, पावणं. आता थेट मोठ्यात करून बगतोय." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "तितं आता दुपार हाय," आणि बादलीत उरलेलं पाणी त्यांनी झाडाला घालून टाकलं.