दीपगृहातला हिरा कोणी चोरला

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही असं बजावलं. झालं, परतूरचं आमचं घर त्यांनी डोक्यावर घेतलं. मी जालन्याहून रजा काढून आले ती डोळ्यात थेंब घालायला, पण मुख्य काम वेगळंच निघालं. माळ्यावरचं जुन्या चित्रकथांचं गाठोडं खाली काढायचं आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं.

तरुणपणी अण्णा स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून चित्रकथांचा गठ्ठाच उचलून आणत आणि सवडीनं एकेक वाचत. चाचे, भुयारं, मुखवटे घातलेले चोर, सगळा मालमसाला. फक्त बहुतेकांचं मागचं जाड कव्हर आणि शेवटचं पान गायब. चोर सापडणार तेवढ्यात गोष्ट खलास. त्या रद्दीवाल्याला अण्णा आजही शिव्या घालतात.

त्यातही दीपगृहाच्या गोष्टीनं त्यांचा फार छळ केला होता. बेटावरच्या दीपगृहातून हिरा नाहीसा होतो, संशय लंगड्या कप्तानावर, आणि पुढचं पान नाही. मरायच्या आधी हे कळलं पाहिजे, असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे. मला हसू यायचं, पण वाईटही वाटायचं.

त्या दिवशी मी तीच गोष्ट वाचली. चित्रंसुद्धा सांगायची म्हणजे तोंड दुखून येतं. शेवटाला आल्यावर, हरवलेलं पान गाठोड्यात सापडलं असं सांगून मी मनानंच ठोकून दिलं की कप्तानानंच चोरला. अण्णा खूश झाले. "मला वाटलंच व्हतं," म्हणाले.

स्वयंपाकघरात आई तुरीची डाळ निवडत होती. तिथूनच ती शांतपणे म्हणाली, "कप्तान बेकसूर हाय. हिरा सैपाक्यानं चोरल्ता. पिठाच्या डब्यात लपवला व्हता."

अण्णा उठून बसले. तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं.

"दिवाळीला फळीवर अंथरायला जाड कागद लागायचा. डबे पुसता पुसता वाचल्तं."

इतकी वर्षं शिव्या खाल्लेला रद्दीवालाही बेकसूरच निघाला होता. आता भांडण पेटणार असं मला वाटलं.

अण्णा भिंत धरत दारापर्यंत आले. मग हळूच म्हणाले, "बाकीच्या गोष्टींचं बी याद हाय का?"

सगळ्या याद होत्या. पण आई पक्की. रोज एकच शेवट सांगणार, तोही डाळ निवडायला बसलात तर. काळा चष्मा लावून अण्णा संध्याकाळी चाचपडत स्वयंपाकघरात जाऊ लागले. आई रंगवून सांगायची, मध्येच थांबायची, आणि अण्णा चहा करून देईपर्यंत खुनी पकडला जायचा नाही. दोघांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

काल डॉक्टरांनी चष्मा काढला आणि खुशाल वाचा म्हणाले. घरी आल्यावर आईनं विचारलं, मग आता दिसतंय ना बराबर?

"न्हाई गं, अजून अंधुकच हाय," अण्णा म्हणाले, तिच्याजवळ बसले, आणि सुपातला बारकासा खडा अचूक उचलून त्यांनी बाजूला टाकला.