सतरावं चित्र

आमच्या बाइंडिंग खात्यात खळीचा ब्रश खरा शोभायचा तो माईंच्या हातात. स्वर्ग-नरकाच्या एका जुन्या धर्मकाव्याची सचित्र आवृत्ती आम्ही बांधायचो. तिच्यातल्या बावीस चित्रांवर झिरझिरीत कागद लावायचं काम माईंचं. कागदाची एकच कड चिकटवायची, म्हणजे वाचणाऱ्याला तो उचलून चित्र बघता येतं. तीस वर्षांत माईंची खळ कधी कडेबाहेर गेली नाही. आम्ही बाकीचे कोपरापर्यंत माखलेले.

चित्रकार वरच्या मजल्यावर बसायचा. चेहरे शोधत हिंडायचा आळस, म्हणून त्याने आम्हालाच चित्रांत घातलं होतं. मालक राजा झाले. ते होणारच होते. पहारेकरी देवदूत झाला. आणि थापा मारण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता तो कटिंग मशीनवाला, म्हणजे माईंचा नवरा, नरकाच्या जाळात खोटारड्यांच्या रांगेत पहिला. तो स्वतःच पोट धरून हसला. खात्यातली एखादी प्रत रात्रीपुरती घरी न्यायचा आणि येईल त्या पाहुण्याला ते सतरावं चित्र उघडून दाखवायचा.

मागच्या वर्षी तो वारला. यंदा पुन्हा छपाई झाली आणि दुकानांतून प्रती परत येऊ लागल्या. सतराव्या चित्रावरचा कागद चारही कडांनी चिकटलेला. उचलायला जावं तर चित्रच फाटायचं. मालकांनी माईंना बोलावलं. त्यांची नोकरी गेली, असंच आम्ही धरून चाललो.

"माई, चुकून झालं म्हणा, विषय संपला," मालक आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले.

"चुकून नाही, मुद्दाम लावलाय," माई म्हणाल्या. "ते होते तोवर थट्टा होती. आता त्यांना जाळात बघवत नाही मला. आणि दिवसातून शंभरदा बघायचं!"

आम्हीही त्या चित्राला खूप हसलो होतो. मला लाज वाटली.

मालकांनी परत आलेला गठ्ठा बाजूला ठेवायला सांगितला आणि माईंना कामावर परत पाठवलं. चित्रकारही ऐकायला खाली आला होता, तो मान खाली घालून वर गेला. आठवड्याने नवं सतरावं चित्र छापून आलं. रांगेत पहिला चित्रकार स्वतः होता, टकलासकट.

माईंनी ते पाहिलं. मग उरलेली एकवीसही एकेक करून पाहिली.

"म्हणजे आता ते कुठेच नाहीत," त्या म्हणाल्या.

त्यांनी परत आलेल्या गठ्ठ्यातली एक प्रत ओढली, ओलं फडकं कडांवर दाबून धरलं आणि खळ सुटल्यावर कागद अलगद उचलला. चित्र जराही फाटलं नाही.

"ही मी घरी नेते," माई म्हणाल्या. "पाहुणे येतात."