आप्पांच्या जीपचं नवं इंजिन

गडहिंग्लजहून निघताना आईने जीपला कुंकू लावलं आणि आप्पांना बजावलं, "लांबचा पल्ला आहे, वाटेत पोरीलाही जरा चालवायला द्या." आप्पांनी काच वर केली.

ही छोटी पेट्रोल जीप वयाने माझ्याहून थोरली. इंजिन पार थकलं होतं. चढावर धापा टाकायचं आणि त्याचे सुटे भागही मिळेनासे झाले होते. बंगलोरला आईची मावसबहीण मालनअक्का राहते. तिच्या ओळखीचे एक मेकॅनिक अशा जीपला डिझेल इंजिन बसवून देतात असं कळलं, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत बापलेक निघालो.

लायसन्स काढून मला बरीच वर्षं झाली होती, पण घरची जीप काही हाती आली नव्हती. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "हे इंजिन फक्त माझंच ऐकतं." ते अगदीच खोटं नव्हतं. चोक अर्धा ओढायचा, पेडल दोनदा दाबायचं आणि मग एक शिवी हासडायची, तेव्हा कुठे ते सुरू व्हायचं. शिवीसकट सगळं मला पाठ होतं.

हुबळीपर्यंत ठीक गेलं. चित्रदुर्गाचे खडकाळ डोंगर दिसू लागले आणि रेडिएटर उकळला. चहाच्या टपरीवरच्या बाईने कळशीभर पाणी दिलं, वर मंडक्की (मसाला लावलेले चुरमुरे) खायला घातली. आप्पांचा घामेजलेला चेहरा बघून ती कानडीत म्हणाली, "दमलात की हो. मुलीकडे द्या ना गाडी."

आप्पा माझ्याकडे वळले. "काय म्हणते गं ही?"

आमच्या भागात कानडी कोणाला येत नाही? आप्पा तर बाजारात कानडीत भांडतात. मला असा राग आला! पण मंडक्की फार चविष्ट होती.

बंगलोरला अक्काच्या बसवनगुडीत शिरलो तेव्हा हवेत छान गारवा होता. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडांची सावली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर फुलांचे ढीग. अक्काच्या सासरची माणसं कित्येक पिढ्यांपासून इथली, त्यामुळे तिच्या मराठीत कानडी साखरेसारखी विरघळलेली. "ये गं, आधी स्वल्प (जराशी) कॉफी घे," म्हणत तिने मला आत ओढलं.

अक्काच्या ओळखीच्या त्या मेकॅनिकचं, तुकोजीअण्णांचं, गॅरेज कलासीपाळ्यात होतं. अण्णाही जुन्या मराठी घराण्यातले, बोलणं कमी आणि हसणं जास्त. त्यांनी साखळीच्या कप्पीने जुनं इंजिन वर उचललं तेव्हा आप्पा त्याच्यावर हात ठेवून "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मला पहिल्यांदाच वाटलं, चालवायला मिळो न मिळो, पण हे सगळं नीट पार पडू दे.

आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं. अण्णा सांगू लागले, "इंजिनासोबत गिअरबॉक्स पण बदललाय. पहिला गिअर होता तिथं आता रिव्हर्स. आणि पहिला..."

"मला गिअर शिकवू नका," आप्पा म्हणाले.

"सरी (बरं)," म्हणून अण्णा हसले. मी मागेच उभी होते. मी पुढचं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एकाही पान्याला हात लावायचा नव्हता. सगळी हत्यारं धुऊन, झेंडू वाहून मांडून ठेवलेली. जीपला केळीचे खुंट बांधले. मागे लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या जुन्या इंजिनालाही अण्णांनी हार घातला. कोहळा फोडला, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. आता मालकाने गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची.

आप्पा ऐटीत बसले. किल्ली फिरवताच इंजिन धडधडू लागलं. ना चोक, ना शिवी. आप्पा क्षणभर गोंधळले. मग त्यांनी सवयीने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप मागे जाऊन धप्पकन जुन्या इंजिनावर आदळली. इंजिन बंद पडलं. लिंबं अख्खीच्या अख्खी राहिली.

अक्काने तोंडावर पदर धरला. अण्णा सावरून घेत म्हणाले, "जुन्याने जवळ घेतलं हो नव्याला."

आप्पा खाली उतरले. जुन्या इंजिनाचा कलंडलेला हार त्यांनी नीट केला. माझ्याकडे न बघता किल्ली पुढे केली. "हे माझं ऐकत नाही," म्हणाले.

इतकी वर्षं मागितलेली किल्ली अशी मिळाली, तर घ्यावीशीच वाटेना. पण सगळे थांबले होते. मी पहिला गिअर टाकला. लिंबं फुटली.

परतीचा सगळा रस्ता मीच चालवला. चित्रदुर्गाचा चढ जीप निवांत चढली. आप्पा शेजारी बसले होते. टपरीवरच्या बाईने मला स्टिअरिंगवर बघून हात हलवला, तेव्हा आप्पा तिच्याशी चक्क कानडीत बोलले, "माझी मुलगी."

घरी आईने विचारलं, "कसं आहे इंजिन?" आप्पा म्हणाले, "तिला विचार."

मला वाटलं, गाडीपायी मी माझ्या बापाला म्हातारं केलं. ते मनाला लागून राहिलं. सकाळी अंगणात हॉर्न वाजला. आप्पा जीपमध्ये बसले होते, पण शेजारच्या सीटवर. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी तू करून दाखव. मग मी बसतो. तो रिव्हर्स कुठं असतो, ते नीट शिकव मला."