बोगद्यातलं दार

हारुबेत्सु शहरात किनुए हिराबायाशीच्या दुकानात दाढीला बसून, गळ्याशी वस्तरा असताना, नगरपालिकेच्या मिकामीसाहेबांनी सांगितलं की उराशिरि गाव काढून टाका. माणसानं अशी गोष्ट बोलायला जागा तरी बरी निवडावी!

किनुएबाईंचं माहेर उराशिरि, बोगद्यापलीकडचं शेवटचं स्टेशन. दरड कोसळून रूळ गाडले गेले, दुरुस्ती राहिली ती राहिलीच. आधी रेल्वे गेली, मग माणसं. बाईही हारुबेत्सुत आल्या. पण त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. गिऱ्हाईक नसलं की संगणकावर त्यांनी तो अख्खा मार्ग उभा केला होता. सिग्नल, रुळांवरचा गंज, दगडांवर वाळत घातलेलं समुद्री शेवाळ, सगळं. पडद्यावर ती गाडी कुणीही चालवावी. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, हारुबेत्सुच्या जुन्या स्टेशनात, नगरपालिकेचं स्मृतिदालन निघणार होतं आणि हा खेळ तिथं मांडायचा होता.

"आमच्या यंत्रात एवढा लांब मार्ग मावत नाही," मिकामीसाहेब म्हणाले. "एक टोक कापावं लागेल. बोगदा आहेच की! त्यात दार बसवा."

दार म्हणजे रुळावरची अदृश्य जागा. वेळापत्रकाप्रमाणे गाडी तिथून जन्माला येते आणि तिथंच गिळली जाते. ते लपवायचं असतं. बघणाऱ्यासमोर गाडी हवेतून टपकली, तर करणाऱ्याची अब्रूच गेली. बोगद्याचा अंधार त्याला उत्तम, हे बाईंनाही ठाऊक होतं. म्हणूनच जास्त राग आला.

"आणि बोगद्यापलीकडचं माझं गाव?"

"गाडी जातेच ना पुढं, फक्त आपल्याला दिसत नाही. लोकांना काय कळतंय, किनुएसान?"

"डोकं हलवू नका साहेब, कान जाईल."

"कापणार ना मग?"

"कापते," बाई म्हणाल्या. आणि साहेबांनी समाधानानं डोळे मिटले.

संध्याकाळी म्हातारे तोकुजी आले. त्या मार्गावर जन्मभर गाडी हाकलेला माणूस. बाईंनी सगळं सांगितलं, तसे ते भडकले.

"शेवटची गाडी उराशिरित मुक्कामाला असायची! तुझ्या बापानं आमच्या दाढ्या केल्यात तिथं. आम्ही अंघोळ करून, मासा खाऊन झोपायचो आणि पहाटेची पहिली गाडी गावातनं निघायची. ती बोगद्यातनं कशी जन्मेल गं?"

"नाहीच जन्मणार. उराशिरिला दार लागतच नाही, तात्या. गाडी तिथंच राहते."

"मग कापणार काय? त्यानं सरळ दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तर?"

"घेऊ दे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. एकदा खरंखुरं पुसलंत, आता चित्रातनंही पुसता? केस कुठून कापायचे ते न्हाव्याला कळतं."

उद्घाटनाला सगळं उराशिरि लोटलं. जे उरलं होतं ते, हारुबेत्सुच्या सरकारी घरांतून काठ्या टेकत आलेलं. तोकुजी हातमोजे घालून खुर्चीत बसले. पडदा उजळला, तर पहाटेचं उराशिरि! एका डब्याची गाडी फलाटावर मुक्कामाची उभी.

"अगं, ते आपलं न्हाणीघर!" एक आजी ओरडली.

"आणि ती माझी बोट! रंग चुकलाय, पण माझीच."

मिकामीसाहेबांना कोपऱ्यात घाम फुटला. पण एवढ्या म्हाताऱ्यांसमोर यंत्र बंद करायची त्यांची छाती होईना. तोकुजींनी ड्रायव्हरांच्या रिवाजाप्रमाणे बोट रोखून सिग्नल पुकारला, "निघण्याचा, हिरवा!" आणि गाडी हलली. बोगदा आला, गेला. समुद्रकाठ सरला. हारुबेत्सुची नदी आली, पाठोपाठ महामार्गाचा पूल. त्याच्या सावलीत गाडी शिरली आणि पडदा काळा झाला. डबा एकच होता म्हणून बरं. दोन असते तर शेपूट बाहेर राहिलं असतं.

"अहो, स्टेशन? नगरपालिका? आमचं शहर कुठंय?" मिकामीसाहेब पुढं धावले.

"गाडी जातेच ना साहेब पुढं," किनुएबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "फक्त आपल्याला दिसत नाही."

हशा पिकला. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे आजच बदलायचं. दार बोगद्यात बसवायचं!"

"मी बसवणार नाही. तुम्हाला बसवायचंच असेल, तर या माणसांना सांगून बसवा."

साहेबांनी वळून पाहिलं. मघाची आजी त्यांना वळसा घालून पुढं सरकली आणि तिनं तोकुजींच्या खांद्यावर टकटक केलं.

"ए ड्रायव्हर, मला गावाला जायचंय, मी बसूनच येणार. गाडी परत कधी आहे?"

"ही काय, आलीच," तोकुजी म्हणाले. पुलाच्या सावलीतून तोच डबा बाहेर पडत होता. त्यांनी पुन्हा बोट रोखलं. "उराशिरिपर्यंत, सगळी स्टेशनं घेणार!"

मागच्या माणसांनी मिकामीसाहेबांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. त्यांच्या डोक्यामुळे गाव दिसणार नव्हतं.