ग्रीक संताला बोललेला नवस

"डॉक्टरांनी हात टेकलेत," शेजारणीची मुलगी कुंपणापलीकडून म्हणाली. तोंडावर मास्क, डोळे सुजलेले. शेजारीण करोनाने हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती आणि भेटायला कुणालाच सोडत नव्हते. तिचा नवरा त्याच आजाराने आदल्या आठवड्यात गेला होता.

ही ग्रीक बाई आणि मी इथे परदेशात, क्लेटनला बारा वर्षं शेजारी राहतो. दोघींचं इंग्रजी मोडकं, म्हणून आमचं जमलं. ती मला तिच्या बेटाचं सांगायची. डोंगरावर पांढरं गाव, किल्ल्यासारखा मठ आणि चढाच्या मध्यावर एक गुहा. रोमच्या राजाने हद्दपार केलेल्या त्यांच्या संताला तिथे देवाचा आवाज ऐकू आला म्हणे.

मी घरात आले आणि नवस बोलले. माझ्या देवीला नाही, त्या संताला. ज्याचं माणूस त्याने बघावं. म्हटलं, हिला घरी आण, मी बंदरापासून तुझ्या गुहेपर्यंत अनवाणी येईन आणि नारळ फोडेन.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. पार वाळलेली, पण शिव्या शाबूत.

सरहद्दी उघडल्यावर मुलाला तिकीट काढायला सांगितलं. तो म्हणाला, "आई, गुडघे बघ तुझे. इथूनच नमस्कार कर ना."

"बोलले मी, फेडणार पण मीच. तू तिकीट काढ."

डँडेनॉन्गच्या भारतीय दुकानातून नारळ घेतला आणि आम्ही दोघी निघालो.

बेटावर जुलैचं ऊन होतं. बंदरावर मी चपला काढल्या. शेजारीण टॅक्सीत बसली आणि तिने टॅक्सी माझ्या चालीने चालवायला लावली. खिडकीतून म्हणते, "वेडे, बस गाडीत. संत झोपलाय, त्याला दिसत नाही."

"तू गप बस. तुझ्यापायी भाजतेय मी."

डांबर तव्यासारखं तापलं होतं. चारदा बसले, चारदा उठले, पण गाडीत बसले नाही.

गुहेच्या दाराशी काळ्या झग्यातले एक पाद्री होते. नारळ बघून त्यांनी हात आडवा केला. आत काही फोडायचं नाही. एवढं येऊन नवस अर्धा राहतो की काय, म्हणून मी नारळ छातीशी धरून दारातच उभी राहिले. शेजारीण टॅक्सीतून उतरली आणि तिने त्यांना ग्रीकमध्ये असं काही झाडलं, की त्यांनी मुकाट बाहेरच्या पायरीकडे बोट केलं.

मी नारळ आपटला. एका फटक्यात सरळ दोन भकलं झाली. पाणी त्यांच्या झग्यावर उडालं. मी खोबरं दिलं. त्यांनी खाल्लं आणि आणखी मागितलं.

मग आम्ही दोघी आत गेलो. खडकाची खोली, तेलाचे दिवे, चांदीने मढवलेली एक खोबण. मी संताला म्हटलं, फिटलं. असं ताठ मानेने मी आमच्या देवळातूनही कधी बाहेर आले नव्हते.

शेजारच्या घरातून दोघांना अँब्युलन्सने नेलं होतं. नवरा गेला. ती जगली.