रिकाम्या खाटेवरची पेटी

लॉन्ड्रीत मी ब्लँकेट घ्यायला उभी होते. माझ्या पुढचा गृहस्थ खिशातून पैसे काढता काढता एकदम डोलू लागला. आत इस्त्री करणाऱ्या मुलीने मान वर केली, इस्त्री उभी ठेवली आणि धावत बाहेर आली. तो कोसळायच्या आत तिने त्याला जमिनीवर निजवले, गळ्याचे बटण काढले आणि पाय धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवले.

"जरा बाजूला व्हा, वारा लागू द्या," एवढेच ती म्हणाली.

तो गृहस्थ डोळे उघडून पाणी प्यायला, तेव्हा लॉन्ड्रीच्या मालकांना कंठ फुटला. "या आमच्या डॉक्टरीणबाई. पण त्या चादरी आता पुन्हा कोण धुणार?"

"मीच धुते, मामा."

मालक तिचे मामा वगैरे कोणी नव्हते. ती सगळ्यांनाच असे काहीतरी म्हणे. मला 'बाई' म्हणू लागली. शाळेत शिकवणे सोडून बरीच वर्षे झाली होती, तरी ते ऐकून बरे वाटले.

हळूहळू तिची हकिकत कळली. नर्सिंगचे पहिले वर्ष ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. दुसरे वर्ष सुरू झाले आणि वडिलांची एक बाजू लुळी पडली. ते फरशा बसवायचे. आई नव्हती. आठवड्यात परत येऊ, अशा हिशेबाने ती होस्टेलवरून निघाली. खाट दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून तिने आपली पत्र्याची पेटी खाटेवरच ठेवली. कॉलेजला लेखी काही कळवले नाही. परतच यायचे होते, कळवायचे काय? वडिलांना उठवणे, भरवणे, आंघोळ घालणे यातच ते वर्ष गेले.

आता तीन वर्षांनी दुसरे एक कॉलेज तिला दुसऱ्या वर्षाला घ्यायला तयार होते. एक संस्था सगळी फी भरणार होती. अट एकच: आधीच्या कॉलेजची बाकी नसावी आणि तिथला दाखला शुक्रवारपर्यंत यावा.

"बाई, तुम्ही काही बोलू नका. नुसत्या शेजारी उभ्या राहा," ती म्हणाली. मी गेले.

जुन्या कॉलेजच्या कारकुनाने अख्ख्या वर्षाची फी आणि होस्टेलचे भाडे बाकी असल्याचे सांगितले.

"पण मी त्या वर्षी इथे नव्हतेच, सर."

"नव्हतीस? रोजची हजेरी लागली आहे. खाटेवर पेटी होती. पेटी काय एकटी राहत होती?"

तिने हजेरीचे पान उलटून पाहिले. मग म्हणाली, "थोडे थोडे देऊ का? आता मला मदत मिळतेय..."

"ती मदत नव्या कॉलेजला. आमच्या हातावर काय? सगळे भरा, दाखला न्या."

बाहेर पायरीवर तिने मला खरे सांगितले. खोलीतली मैत्रीण रोज तिच्या नावाला 'हजर' म्हणायची. हिचे नाव कापले जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. खाटेवरची चादरसुद्धा झटकून ठेवायची. तीच मैत्रीण आता त्याच कॉलेजच्या दवाखान्यात नर्स होती.

"मग सांग ना तसे."

"तिची नोकरी जाईल, बाई. तिच्या पगारावर घर चाललंय."

"आणि तुझे काय?"

"पैसे उभे करते कुठून तरी," म्हणत ती पायरीवरून उठली.

मग तिने दारे ठोठावली. सख्ख्या काकांनी टोमणा मारला, "शीक हो, खुशाल शीक. बापाला आंघोळ घालायला मी येतो!" वडिलांनी फरशी कापायचे यंत्र विकायला लावले, त्याचे भंगाराइतके पैसे आले. लॉन्ड्रीच्या मालकांनी कुरकुरत दोन पगार आगाऊ दिले. सगळे मिळून निम्मेसुद्धा होईना. बुधवारी तिने एका शर्टाची बाही जाळली. तिच्या हातून असे पहिल्यांदाच झाले. मालक ओरडले नाहीत, आणि त्याने तिला जास्तच रडू आले.

गुरुवारी ती मैत्रीण नेहमीसारखी गणवेश टाकायला आली. मालकांना हजेरीचे तेवढे कळले होते. कुणी लावली, ते माहीत नव्हते.

"सिस्टर, तुमच्या कॉलेजात भुतं शिकतात का हो?" ते म्हणाले. "ही घरी बापाला भरवत होती आणि तिकडे म्हणे रोज हजर! त्यापायी हिची मदत बुडतेय उद्या."

मैत्रिणीचा चेहरा उतरला. "मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगून काय झालं असतं? तुझे कपडे शनिवारी देते. जा, ड्यूटीला उशीर होईल."

"मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे गं. जा ना तू."

ती गेली. रात्रभर मला वाटत होते, संपले सगळे. पण शुक्रवारी सकाळी ती मैत्रीण आपण होऊन कॉलेज नि दवाखाना दोन्ही पाहणाऱ्या मेट्रनबाईंपुढे उभी राहिली आणि हजेरी आपण लावल्याचे तिने सांगितले. मेट्रनबाई म्हणाल्या, हजेरी खोटी असेल, पण पेटी खरी होती. फी माफ झाली, होस्टेलचे भाडे कायम राहिले. जमवलेल्या पैशांतून त्याचा मोठा हप्ता भरला आणि उरलेले महिन्याला देण्याच्या बोलीवर 'बाकी नाही' असा शेरा मारलेला दाखला मिळाला. कचेरी बंद होता होता तो संस्थेकडे पोचला.

मैत्रिणीची नोकरी राहिली, बढती गेली. तिचे गणवेश आता आमच्या लॉन्ड्रीत येत नाहीत. ही दोनदा तिच्या घरी जाऊन आली. दोन्ही वेळा दार सासूबाईंनी उघडले आणि ती झोपली आहे म्हणाल्या.

ही सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेल घेतलेले नाही. सकाळी वडिलांना आंघोळ घालून ती बसने कॉलेजला जाते, आणि रविवारी इस्त्री करून त्या जुन्या खाटेचे भाडे फेडते.