आष्टीचा उसना गारवा

विशाखापट्टणमच्या बंदरात बोटीवरून उतरले तेव्हा पायांखालची जमीन अजून डुलत होती आणि हातात थर्माकोलची एक पेटी होती. पेटीत कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, हा वितळत नाही, हळूहळू हवेत उडून जातो) आणि बर्फात खुपसलेल्या करंगळीएवढ्या नळ्या. बंगालच्या उपसागरात महिनाभर डोलत, ओकत, पाणी गाळत मी त्या भरल्या होत्या. समुद्रात थोडं खाली गेलं की प्राणवायू जवळजवळ संपतो. तिथले सूक्ष्मजीव पाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. किती करतात आणि कधी करतात, हे शोधणं हा माझा उद्योग. पीएचडी झालेली पण नोकरी पक्की नसलेली जी जमात असते, तिला पोस्टडॉक म्हणतात. माझं कंत्राट संपत आलं होतं आणि बोटीवर पुन्हा जागा मिळायची नव्हती. नळ्यांतले नमुने वितळले तर दाखवायला माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

विमान कंपनीने पेटी पाहून हात जोडले, म्हणून मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत रेल्वेने निघाले. मी वेंगुर्ल्याची. समुद्र नसलेल्या मुलखाबद्दल माझं ज्ञान बेताचंच. मराठवाडा झोपेत ओलांडायचा, असा साधा बेत होता.

परभणीला गयाबाई चढल्या. लेकीकडून परत निघाल्या होत्या. हिरवं लुगडं, मांडीवर स्टीलचा डबा. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या पेटीची चौकशी केली.

“काय हाय वो ताई ह्या खोक्यात? आइस्क्रीम?”

“नाही मावशी. समुद्रातले जंतू.”

त्यांनी पाय वर घेतले. “चावत न्हाईत ना?”

परतूरला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे मालगाडीचे डबे घसरले होते आणि कधी निघणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लोक खाली उतरून चहा प्यायला लागले. मी झाकण उघडून पाहिलं. बर्फ कसाबसा संध्याकाळपर्यंत पुरला असता. पेटीतून पांढरी वाफ निघून बाकावर पसरली आणि गयाबाई एकदम पुढे वाकल्या.

“अगं बाई! ही तर आमच्या डॉक्टरच्या भांड्यातली वाफ!”

“कोणते डॉक्टर?”

“जनावराचे. आमच्या आष्टीचे, हितून जवळच. त्यांच्याकडं असाच धूर सोडणारं भांडं हाय. त्यात रेड्याच्या कांड्या ठिवतेत. म्हैस माजावर आली की एक काढून भरतेत.”

कांड्या म्हणजे वीर्य साठवलेल्या बारीक नळ्या. त्या ठेवायच्या तर भांड्यात द्रवरूप नायट्रोजनच हवा, माझ्या बर्फाच्या कितीतरी पट गार! भर गाडीत मावशींच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्या आधीच पिशव्या उचलून चालू लागल्या होत्या. “जल्दी चला,” एवढंच म्हणाल्या.

काळ्यापिवळ्या जीपमध्ये आम्ही दोघी, पेटी आणि इतकी माणसं होतो की गाडी निघाली हेच नवल. दोन्ही बाजूंना काळीभोर रानं, वेचून संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मधूनच भरात आलेली ज्वारी. आणि चारी बाजूंना सरळ क्षितिज. असं क्षितिज मी महिनाभर पाहत आले होते, पण हे हलत नव्हतं, याबद्दल मी त्याची फार आभारी होते.

आष्टीत पोचलो तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टर भांड्यासकट पलीकडच्या गावाला गेले होते. गयाबाईंनी मला घरी नेलं आणि येसराची आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाची) नि ज्वारीची भाकरी पुढे ठेवली. वास असा की एरवी मी दोन वेळा वाढून घेतलं असतं. पण घास उतरेना. दर थोड्या वेळाने मी झाकण उघडायची आणि मावशी ओरडायच्या, “उघडून उघडून वाफ कशाला घालवून राह्यल्या!” त्यांचं बरोबर होतं.

उन्हं कलल्यावर डॉक्टर मोटारसायकलवरून आले. चाळिशीचे, मफलर गुंडाळलेले, मागे दुधाच्या किटलीएवढा ॲल्युमिनियमचा कॅन बांधलेला. मी एका दमात सगळं सांगितलं.

“ह्यात रोगाचे जंतू तर न्हाईत?”

“नाहीत. समुद्राच्या खोल पाण्यातले आहेत. नायट्रेटचा नायट्रोजन करून सोडतात.”

“म्हंजे पाणी साचलेल्या रानातून युरियाचं नत्र उडून जातं, तसंच?”

“बिलकुल तसंच,” मी म्हणाले. इकडचा ‘बिलकुल’ माझ्या तोंडात कधी येऊन बसला, कळलंही नाही.

त्यांनी कॅन सोडून खाली ठेवला. “मोठं भांडं इथून हलत न्हाई. हे लहान देतो, पण मॅडम, थंडीत म्हशी माजावर येतेत. रोज गावोगाव फिरून राह्यलो मी. तुम्ही हे मुंबईला न्हेलं, तर मी कांड्या खिशात घालून फिरू का?”

म्हैस माजावर आलेली वेळ चुकली तर पुढे तीन आठवडे थांबायचं, दूध तितकं लांबणार, हे मलाही समजत होतं. माझ्या नळ्यांसाठी कुणाच्या गोठ्याचं नुकसान करा, असं कुठल्या तोंडाने म्हणू?

गयाबाईंनी पदर खोचला. “तुम्ही कशाला फिरता? म्हशी हितं येतील. माझी मी आणते, बाकीच्यांला मी सांगते. चार दिवसाचा तर प्रश्न हाय.”

“आन् बाई परत आल्याच न्हाईत तर?”

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “येतेत. पण ताई, भांडं रिकामं आणू नका बरं. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडत न्हाईत.”

डॉक्टर हसले आणि लहान कॅनमधल्या कांड्या मोठ्यात हलवायला लागले. मग मी एकेक नळी आत सोडली. प्रत्येक नळीबरोबर चुर्र आवाज व्हायचा आणि धूर जमिनीवर उतरायचा. दारातलं कुत्रं उठून निघून गेलं. शेवटची नळी आत गेली तेव्हा मी पायरीवर बसले आणि खुशाल रडले. ज्या वायूचा मागोवा घेत मी महिनाभर समुद्रात हिंडले होते, त्याच वायूने त्या भांड्यात माझी अब्रू राखली होती. मग मला कडकडून भूक लागली आणि मावशींकडे मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

निघताना त्यांनी आपल्या स्टीलच्या डब्यात धपाटे बांधून दिले. म्हणजे आता उसनी भांडी दोन झाली.

परतूरहून गाडी ठरवली. वायू कोंडू नये म्हणून काचा उघड्या ठेवाव्या लागल्या आणि चालक मुंबईपर्यंत कुडकुडत मला नावं ठेवत राहिला. मी मात्र सुखाने झोपले. प्रयोगशाळेत चाचणी केली, तर नमुने जसेच्या तसे शाबूत. निकाल पाहून मी खुर्चीत अशी पसरले की कुणीतरी पाणी आणून दिलं.

कॅन चालकाबरोबर पाठवून दे, असं सगळे म्हणाले. मी आमच्याकडच्या द्रवरूप नायट्रोजनने तो गळ्यापर्यंत भरला आणि स्वतः घेऊन गेले. डब्यात आईने पाठवलेली आमसुलं होती. दवाखान्यासमोर ओळीने म्हशी बांधलेल्या होत्या आणि गयाबाई त्यांच्यामध्ये उभ्या राहून कुणाला तरी दटावत होत्या. डॉक्टरांनी कॅनमध्ये काठी बुडवून बाहेर काढली. पांढरं हिम काठीवर पार वर चढलं.

“काठोकाठ हाय,” ते मावशींना म्हणाले.

“मंग? मी काय म्हणाले होते?”

त्या दिवशी आमटीत आमसुलं पडली. मावशींनी चाखून पाहिलं, डोळे बारीक केले. “आंबट हाय. पण चालतं.” निघताना डबा परत माझ्या हातात आला, येसराने भरलेला.

पोस्टडॉकला कुठेही मूळ धरायची सवय नसते. कंत्राट संपलं की ओळखपत्र द्यायचं, टेबल मोकळं करायचं आणि निघायचं. आमची कुठे कुणी वाट पाहत नाही. उन्हं तापायला लागली तेव्हा मावशींचा फोन आला. “म्हैस गाभण हाय. दिवाळीनंतर चीक खायला ये. आन् डबा आणायचा इसरू नको.”

येसर केव्हाच संपलं. डबा ओट्यावर आहे, रोज हाताला लागतो आणि रोज बरं वाटतं. पुढच्या कंत्राटाचं पत्र अजून आलेलं नाही. आईला मात्र यंदा मी जास्तीची आमसुलं वाळवायला सांगितली आहेत.